डाइव्ह ट्रिपला स्पेअर सामान काय न्यायचं? बडोद्याहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्या बडोद्याच्या ग्रुपमध्ये अंदमान, नेत्राणी (कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं बेट), मालवण इथे स्कूबा डायव्हिंगचे बेत सुरू होतात आणि माझ्या फोनवर दरवर्षी तेच प्रश्न येतात, ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) कुठून घेऊ, बॅटरी कुठल्या बॅगेत टाकू, दुसरा मास्क खरंच लागतो का. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतोय. मी इन्स्ट्रक्टर नाही, स्वतःचं सामान घेऊन जाणारा डायव्हर आहे, आणि खाली जे आहे ते वापरून आणि दोन-तीन डाइव्ह हातच्या घालवून शिकलेलं आहे.

डाइव्ह सेंटरवर सगळं भाड्याने मिळतं, मग स्पेअर कशाला वाहून न्यायचं?

मोठ्या वस्तू मिळतात, बरोबर आहे. रेग्युलेटर (टँकमधली हवा श्वासाला देणारं यंत्र), बीसीडी (हवा भरायचं डायव्हिंग जॅकेट), फिन्स (पायातले पंख) सगळं मिळतं. पण डाइव्ह मोठ्या वस्तूमुळे जात नाही, ती जाते फिनचा पट्टा तुटला म्हणून, तोंडात धरायचा माउथपीस चावून फाटला म्हणून, नाहीतर हवेच्या टँकच्या तोंडाशी सूं सूं आवाज येतोय आणि बोटीवर दुसरी ओ-रिंग नाही म्हणून. मुरुडेश्वरहून नेत्राणीला जायला बोटीने तास-सव्वा तास सहज लागतो, तिथे पोचल्यावर कुठलं दुकान आणि कुठलं सेंटर, जे बोटीवर आहे तेवढंच आपलं.

माझ्या बाबतीत नेत्राणीलाच झालं. पट्टा घरी ओढून बघितला होता, चांगला वाटला, पण बकलच्या आत जिथे वळतो तिथे बारीक चीर होती ती दिसली नाही, आणि फिन चढवताना सटकन तुटला. बोटीवर माझ्या मापाचा दुसरा फिन नव्हता. पन्नास मिनिटं वर बसून बाकीच्यांचे बुडबुडे बघत होतो. आपण बडोदेकर, समुद्र आपल्या दारात नाही, खंभातचं आखात जवळ आहे पण ते पाणी इतकं गढूळ आणि भरती-ओहोटी इतकी जबरदस्त की तिथे डायव्हिंगचा विचारच नको. म्हणजे प्रत्येक डाइव्हसाठी सुट्टी, तिकीट, प्रवास आला. त्यातली एक डाइव्ह शंभर रुपयांच्या वस्तूसाठी गेली की फार लागतं मनाला.

बरं, मग डब्यात नेमकं काय ठेवता?

डायव्हर लोक त्याला सेव्ह-अ-डाइव्ह किट म्हणतात. माझं किट घट्ट झाकणाच्या एका प्लास्टिकच्या डब्यात मावतं, सगळं धरून किलोभराच्या आत. त्यात मास्कचा एक पट्टा, फिनचा एक पट्टा बकलसकट, एक माउथपीस, चार इंची झिप टाय दहा-पंधरा, ओ-रिंगची छोटी पाकिटं, सिलिकॉन ग्रीसची बारकी डबी, प्रेशर गेजचा (टँकमधला दाब दाखवणाऱ्या मीटरचा) एक स्पूल, डाइव्ह कॉम्प्युटरची (खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटी यंत्राची) बॅटरी, दोन-तीन बोल्ट स्नॅप (हुक), दोन मीटर बंजी दोरी, अॅलन कीचा सेट, एक छोटा अॅडजस्टेबल पाना, नेलकटर आणि पितळेची ओ-रिंग काढायची पिक. डक्ट टेपचा अख्खा रोल नेत नाही, पेनभोवती दीड-दोन मीटर गुंडाळून ठेवतो. टेप फिनच्या फुटलेल्या कडेला, फाटलेल्या बॅगेला चालतो, हवेच्या होजला (नळीला) तो कधीही लावायचा नाही.

डब्याबाहेर पण बॅगेत असतात दुसरा मास्क, दुसरी टॉर्च, एसएमबी (बोटीला आपण दिसावं म्हणून फुगवायचा उभा फुगा) आणि त्याच्या दोरीचं रीळ, शिट्टी. शिट्टी आणि एसएमबीला मी स्पेअर धरतच नाही, अंदमानात करंट असतो, वर आल्यावर बोट लांब असू शकते, तेव्हा या दोन्ही वस्तू अंगावरच हव्यात.

ओ-रिंगची साइझ कशी ओळखायची आणि बडोद्यात मिळते का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो कारण याचं उत्तर आपल्या गावात आहे. टँक आणि रेग्युलेटरची जोडणी दोन प्रकारची, योक आणि डिन. योक म्हणजे टँकच्या व्हॉल्व्हवर वरून क्लॅम्प बसतो तो, आपल्याकडे बहुतेक सेंटरवर हाच दिसतो. यात ओ-रिंग टँकच्या व्हॉल्व्हवर असते आणि तिचा नंबर ०१४, म्हणजे आतला व्यास १२.४२ मिलीमीटर आणि जाडी १.७८. डिनमध्ये रेग्युलेटरच आट्यांनी व्हॉल्व्हमध्ये फिरवून बसवतात, ओ-रिंग रेग्युलेटरच्या तोंडावर असते, ती जाडजूड, नंबर बहुतेक वेळा १११ किंवा ११२. तुमच्या रेग्युलेटरला कुठली ते त्याच्या पुस्तिकेत बघा, अंदाजाने घेऊ नका. प्रेशर गेजच्या आत होज जिथे फिरतो तिथे स्पूल असतो, दोन टोकांना दोन अगदी बारीक ओ-रिंग, नंबर ००३. तांदळाच्या दाण्याएवढी गोष्ट, पण तिथून बुडबुडे यायला लागले की सगळी बोट तुम्हाला सांगत सुटते की गेज लीक आहे.

हे नंबर डायव्हिंगवाल्यांचे स्वतःचे नाहीत, हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिकमध्येही हेच चालतात. आणि बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीसारखा कारखान्यांचा पट्टा असताना ऑइल सील आणि ओ-रिंगवाले शोधायला लांब जायची गरज नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डायव्हिंग वगैरे समजवायला लागलो, काउंटरवरचे काका म्हणाले "साइझ लावो ने, मळी जशे" (साइझ आणा ना, मिळून जाईल). तेव्हापासून नंबर आणि मटेरियल कागदावर लिहूनच नेतो. मटेरियल नायट्राइल मागा, आणि टँकच्या ओ-रिंगसाठी कडकपणा ९० शोअरचा मागा, दुकानात सहसा पहिली हातात ७० ची येते, ती मऊ असते, २०० बारच्या दाबाला व्हॉल्व्हच्या फटीतून बाहेर यायची शक्यता जास्त. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा) वापरणाऱ्यांनी मात्र जीआयडीसीच्या नादी न लागता आपल्या रेग्युलेटरच्या कंपनीने सांगितलेल्याच ओ-रिंग आणि ग्रीस घ्यावं, ऑक्सिजन वाढला की मटेरियलचा प्रश्न वेगळा होतो.

घरी आल्यावर पाकिटावर नंबर लिहून टाका. मी एकदा आळस केला आणि अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या खोलीत स्टीलच्या ताटलीत सगळ्या रिंगा पसरून, डोळ्याशी धरून, ही ०१४ की ०१३ करत बसलो होतो. दीड मिलीमीटरचा फरक रात्री ट्यूबलाइटखाली कळत नाही.

टँकची ओ-रिंग बोटीवर बदलायची कशी?

आधी व्हॉल्व्ह बंद, रेग्युलेटरचं पर्ज (हवा सोडायचं बटण) दाबून हवा सोडा, मगच क्लॅम्प सैल करा. जुनी रिंग काढायला स्क्रूड्रायव्हर, चाकू, सेफ्टी पिन काही घालू नका. एका बोटीवर हेल्परने घाईत लोखंडी टोक घातलं, रिंग निघाली पण खाचेच्या तळाला केसाएवढी रेघ उमटली, मग नवीन रिंग टाकली तरी आवाज सुरूच, ती रिंग काढून अजून एक टाकली तरी सुरूच. शेवटी टँकच बदलावा लागला. पितळ मऊ असतं म्हणून पिक पितळेची. तीही नसेल तर रिंगेला दोन बाजूंनी बोटांनी चिमटीत धरून आत ढकला, ती मध्ये कमानीसारखी वर येते, तिथे प्लास्टिक कार्डाचा कोपरा घालून उचलून घ्या.

खाच कोरड्या कपड्याच्या टोकाने पुसा, वाळूचा एक कण राहिला तरी लीक होतं. नवीन रिंग बसवा, बोट फिरवून बघा की सगळीकडून सारखी बसली आहे, क्लॅम्प हाताने घट्ट करा आणि व्हॉल्व्ह हळू उघडा, गेजची काच स्वतःच्या किंवा कुणाच्या तोंडाकडे न धरता. नंतर जोडणीवर पाणी ओतून बुडबुडे येतात का बघायचं.

दुसरा मास्क खरंच लागतो का?

लागतो. त्यातून चष्मा असेल तर वादच नाही.

भाड्याच्या मास्कला तुमचा नंबर नसतो आणि प्रत्येक चेहऱ्याला प्रत्येक मास्क बसत नाही, नाकाच्या वरच्या हाडापाशी नाहीतर मिशीपाशी पाणी येतंच. पाण्यात वस्तू साधारण एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे कमी नंबरवाले कसंतरी चालवून नेतात, पण मला उणे साडेचार आहे, मला नंबराच्या काचेशिवाय गेजवरचा आकडा दिसत नाही, आणि हवा किती उरली हे न दिसणारा डायव्हर पाण्यात असू नये. म्हणून माझे दोन्ही मास्क नंबरचे. एक हँडबॅगेत, एक चेक-इनमध्ये, म्हणजे एक बॅग हरवली तरी दुसरी वाचवते.

नवीन मास्कची काच निघायच्या आधी घरीच साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासा, फॅक्टरीतला पातळ थर काचेवर असतो तो गेला नाही तर धूसर होऊ नये म्हणून काचेवर कितीही थुंकून चोळा, धूसर होणारच. नंबराच्या चिकटवलेल्या काचा असतील तर घासण्याआधी बनवणाऱ्याला विचारा. आणि स्पेअर मास्क एकदा तरी पूलमध्ये घालून बघा, कपाटातून थेट समुद्रात नको.

माउथपीस बदलणं अवघड आहे का?

अजिबात नाही. जुना झिप टाय कापा, माउथपीस ओढून काढा, नवा चढवा, नवा टाय घट्ट आवळा. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, टायचं डोकं ओठाला लागणार नाही अशा बाजूला घ्या आणि शेपूट अगदी मुळापासून कापा. कात्रीने कापली की एक धारदार टोक राहतं, ते ओठ कापतं, खाऱ्या पाण्यात तर फार झोंबतं. नेलकटर त्यासाठीच ठेवलाय डब्यात, मुळाशी लावून कट करायचं आणि बोट फिरवून बघायचं. प्रत्येक ट्रिपच्या आधी माउथपीस हळूच बाजूला ओढून टायच्या खाली रबर फाटलंय का ते बघा, वरून चांगला दिसणारा माउथपीस तिथेच फाटतो आणि मग प्रत्येक श्वासाला पाण्याचा घोट येतो.

स्पेअर होज न्यायची का?

बीसीडीच्या इन्फ्लेटरची (जॅकेटमध्ये हवा भरायच्या बटणाची) एक लो-प्रेशर होज मी नेतो, हलकी असते, गुंडाळून फिनच्या पोकळीत बसते. बाकीच्या नेत नाही, त्या घरी तपासून जातो. तपासायची जागा म्हणजे दोन्ही टोकांना जिथे रबर धातूच्या टोपीत शिरतं ती. तिथे होज प्रोटेक्टर असतील तर ते मागे सरकवून बघा, त्यांच्याखालीच चिरा लपतात. होज वाकवून चीर उघडते का बघा, फुगवटा दिसला तर होज बाद.

लोक हाय-प्रेशर होजला जास्त घाबरतात कारण तिच्यात टँकचा पूर्ण दाब असतो, पण फर्स्ट स्टेजमधलं (रेग्युलेटरच्या टँकवर बसणाऱ्या भागातलं) तिचं भोक सुईच्या टोकाएवढं ठेवलेलं असतं, त्यामुळे ती फुटली तर आवाज मोठा होतो पण हवा त्या मानाने हळू जाते. लो-प्रेशर होज फुटली तर टँक बघता बघता रिकामा होतो. दोन्ही वेळी डाइव्ह तिथेच संपवून बडीबरोबर (जोडीदार डायव्हरबरोबर) वर यायचं, पण घरी तपासताना लो-प्रेशरकडे दुर्लक्ष करू नका एवढ्यासाठी सांगतोय.

डाइव्ह कॉम्प्युटर बंद पडला तर? दुसरा नेऊ?

बॅटरी नक्की न्या. कुठली लागते ते आधी बघा, सीआर२०३२, सीआर२४३०, सीआर२४५० या दिसायला सारख्या पण जाडी-रुंदीला वेगळ्या असतात. काही कॉम्प्युटरची बॅटरी घरी बदलता येते, काहींची बदलल्यावर प्रेशर टेस्ट करावी लागते, ती सर्व्हिसवाल्याकडेच. झाकणाची ओ-रिंग बॅटरीबरोबरच नवीन घाला.

दुसरा कॉम्प्युटर नेत असाल तर तो पहिल्या दिवसापासून, प्रत्येक डाइव्हला, मनगटावर किंवा खिशात पाण्याखाली आला पाहिजे. बॅगेत ठेवलेल्या कॉम्प्युटरला तुमच्या अंगात किती नायट्रोजन साठलाय हे माहीतच नसतं, त्याला वाटतं तुम्ही आत्ताच बडोद्याहून ताजेतवाने आलात. दुपारी पहिला बंद पडला आणि तिसऱ्या डाइव्हला बॅगेतला बांधला तर तो दाखवेल ते आकडे खोटे. असा बदल करायचाच तर मी पूर्ण एक दिवस पाण्याबाहेर राहतो.

माझा रेग्युलेटर डिन आहे, तिकडे टँक योकचे असतील तर?

अॅडॉप्टर न्या, आणि सेंटरला फोन करून आधी विचारा. काही व्हॉल्व्हमधला मधला तुकडा अॅलन कीने काढला की त्यात डिन बसतो, काहींमध्ये तुकडाच नसतो.

विमानाने जाताना काय कुठल्या बॅगेत?

आपल्याकडे साध्या तिकिटावर देशांतर्गत चेक-इनला बहुतेक १५ किलो आणि हँडबॅगेला ७ किलो मिळतात, आणि बडोद्याहून अंदमानला जायचं म्हणजे मध्ये विमान बदलावं लागतं, तिथे बॅग मागे राहायची भीती असतेच. म्हणून रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि एक मास्क हँडबॅगेत. फिन्स, बीसीडी, वेटसूट चेक-इनमध्ये. शिशाची वजनं कधीच नेऊ नका, ती सगळीकडे मिळतात.

लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हँडबॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाहीत. १०० वॉट-तासापर्यंत वेगळी परवानगी लागत नाही आणि टॉर्चमध्ये येणारा १८६५० सेल साधारण १२ वॉट-तासाचा असतो, म्हणजे काळजी नाही, फक्त प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिक केसमध्ये हवा, चिल्लर आणि किल्ल्यांबरोबर खिशात नको. टॉर्चमधून सेल काढून ठेवा. डाइव्ह टॉर्च चुकून बॅगेत सुरू झाली तर पाण्याशिवाय ती इतकी तापते की कापड वितळू शकतं. डाइव्ह नाइफ, कटर, पाना, अॅलन की, पिक हे सगळं चेक-इनमध्ये, म्हणजे किटचा डबा चेक-इनमध्ये पण त्यातली बॅटरी आठवणीने बाहेर. माझा डबा उघडला की झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने मोठ्या अक्षरात "सेल हँडबॅगेत" लिहिलेलं दिसतं.

रेग्युलेटर एक्स-रेमध्ये विचित्र दिसतो, बॅग उघडायला सांगतात, शांतपणे दाखवायचं. "समुद्रात श्वास घ्यायचं यंत्र आहे" एवढं सांगितलं की पुढे सोडतात, एकदा तर त्या ताईंनीच विचारलं की खाली मासे चावतात का.

मालवणला रेल्वेने गेलो तर?

तर सुखच आहे, वजनाची कटकट कमी. कुडाळला उतरून रिक्षा नाहीतर गाडी. फक्त रेग्युलेटरची बॅग सीटखाली ठेवून त्यावर दुसऱ्याच्या ट्रंका येऊ देऊ नका. लिलो चिवडा आणि भाकरवडीच्या पिशव्या फिन्सवर ठेवा, चालतं.

काय काय स्वतः उघडायचं नाही?

फर्स्ट स्टेज. सेकंड स्टेजचं (तोंडात धरायच्या भागाचं) आतलं काम. यूट्यूबवर दिसतं सोपं, पण फर्स्ट स्टेज टँकमधला २०० बारचा दाब ९-१० बारवर आणते आणि तो दाब नीट आहे की नाही हे गेज लावल्याशिवाय कळत नाही. तुमच्या हातात काय आहे, ओ-रिंग, पट्टे, माउथपीस, होज, स्पूल, एवढंच. रेग्युलेटर नुसता सोडला तरी हवा सोडत राहिला, किंवा श्वास ओढायला जड लागला, किंवा पाणी मिसळून यायला लागलं आणि माउथपीस ठीक आहे, तर तो बाजूला ठेवा आणि सेंटरचा भाड्याने घ्या. तीन हजारांची डाइव्ह आहे म्हणून संशय असलेल्या रेग्युलेटरवर उतरणारे मी पाहिलेत आणि मला ते बघवत नाही, अशा वेळी मी सरळ आडवा येतो, ओळख असो नसो.

सर्व्हिस ट्रिपच्या आदल्या आठवड्यात करू नका. महिनाभर आधी करून आणा आणि पूलमध्ये एकदा वापरा, कारण सर्व्हिस होऊन आलेल्या सामानातच काहीतरी सैल राहायची शक्यता असते.

सिलिकॉन ग्रीसऐवजी व्हॅसलीन चालेल?

नको. मास्क आणि माउथपीसचं सिलिकॉन त्याने खराब होतं आणि नायट्रॉक्सच्या सामानाजवळ तर पेट्रोलियमची कुठलीच वस्तू नको. ग्रीसही ओ-रिंगवर फक्त चमक येईल इतकंच, जास्त लावलं की वाळू चिकटते.

वर्षभर हे स्पेअर घरी कसं ठेवायचं?

बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, माळ्यावर आणि गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. रबराला उष्णता, ऊन आणि ओझोन सोसत नाही, आणि ओझोन विजेच्या मोटारीत ठिणग्या पडतात तिथे तयार होऊ शकतो, म्हणून फ्रिजच्या मागे किंवा इन्व्हर्टरजवळ डबा ठेवू नका. माझा डबा कपाटात खालच्या खणात, ओ-रिंग झिपच्या पिशवीत, न ताणता. ट्रिपच्या आधी प्रत्येक रिंग हलकी ताणून उजेडात बघतो, पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या की सरळ केरात. पट्टेही तसेच, वळवून आतली बाजू बघायची, नेत्राणीनंतर ते मी विसरत नाही.

परत येताना सामान ओलं असतं, काय करायचं?

शेवटचा दिवस तसाही कोरडा जातो. डॅनच्या (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेच्या) सल्ल्याप्रमाणे एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि दिवसात एकाहून जास्त किंवा बरेच दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं असतं, मी पूर्ण २४ धरतो. तेवढ्यात गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळतं. रेग्युलेटर भिजवताना डस्ट कॅप पुसून घट्ट लावा आणि टँकला जोडलेला नसताना पाण्यात पर्जचं बटण दाबू नका, नाहीतर पाणी होजमधून वर फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. बीसीडीच्या आतही गोडं पाणी घालून, हलवून, उलटी करून काढा, मीठ आत सुकलं की त्याचे खडे होतात आणि पुढच्या वेळी हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह अडकतो.

मी नुकताच ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) केलाय, स्वतःचं काहीच नाही. सुरुवात कशापासून?

मास्क, तुमच्या चेहऱ्याला बसणारा. त्यानंतर कॉम्प्युटर, एसएमबी, शिट्टी. आणि किटमधल्या तीन वस्तू आत्ताच घ्या, चार झिप टाय, एक माउथपीस, पाच ०१४ ओ-रिंग. तुमचा रेग्युलेटर भाड्याचा असला तरी त्याचा माउथपीस फाटलेला निघू शकतो आणि सेंटरच्या टँकची ओ-रिंग जाऊ शकते. मागच्या वर्षी हॅवलॉकला माझ्या पाकिटातल्या तीन रिंगा गेल्या, तिन्ही दुसऱ्यांच्या टँकवर, त्यातली एक कोल्हापूरच्या एका काकूंच्या पहिल्याच समुद्रातल्या डाइव्हला. वर आल्या तेव्हा त्यांनी कासव पाहिलं होतं.